पिंपाची ज्योत टिकेना

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लॉन्ड्री होती. तिथं कपडे सुकवायचं यंत्र आलं आणि त्या यंत्रामुळे मी पहिल्यांदा घराबाहेर कामाला लागले. तेव्हा गल्लीत गॅस दोनच घरांत होता, बाकी सगळ्यांचे स्टोव्ह नाहीतर चुली. त्यामुळे गॅसवर कपडे सुकतात हे कुणाला खरं वाटेना. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे कपडं शिजवत्यात का काय?"

लॉन्ड्रीचे मालक आणि त्यांची बायको यांना सगळी गल्ली काका-काकी म्हणायची. त्यांच्याकडे एका बाळंतिणींच्या दवाखान्याचं काम होतं. चादरी, दुपटी, डॉक्टरीणबाईंचे पांढरे कोट. उन्हाळ्यात सगळं गच्चीवर तासाभरात वाळायचं. पण आषाढ लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. पाऊस मोठा नसला तरी बुरबुर चालूच. चादरी दोऱ्यांवर तीन-तीन दिवस लोंबायच्या आणि कुबट वास धरायच्या. आदल्या वर्षी दवाखान्यातल्या मोठ्या बाईंनी एक अख्खा गठ्ठा तसाच परत पाठवला होता, आणि वर विचारलं होतं की यात बाळ गुंडाळायचं कसं. काकांना ते फार लागलं होतं.

म्हणून त्यांनी बेळगावकडच्या एका व्यापाऱ्याकडून हे यंत्र आणलं. तो बंद पडलेल्या हॉटेलांतली, इस्पितळांतली जुनी यंत्रं घेऊन विकायचा. एक महिना चालवून बघा, नाही पटलं तर कार्ड टाका, गाडी पाठवून परत नेतो, असं त्यांचं बोलणं झालं होतं.

यंत्र म्हणजे आडवं ठेवलेलं मोठं लोखंडी पिंप. पुढं काचेचं गोल दार. आत दुसरं भोकाभोकांचं पिंप, ते विजेवर गरगर फिरायचं. खाली एक बारकी खिडकी होती. तिच्यात आधी एक लहान ज्योत पेटवायची. त्या ज्योतीवरून पुढं ज्योतींची मोठी रांग पेटायची आणि तिची गरम हवा कपड्यांमधून फिरून मागच्या पत्र्याच्या नळीनं बोळात जायची. त्याचं इंग्रजी नाव दारावर कोरलेलं होतं, पण ते वाचणारं आमच्यात कोण होतं? आम्ही पिंपच म्हणायचो.

काकी गॅसला भ्यायच्या. काडी ओढायची वेळ आली की त्या चपला घालून गल्लीत जाऊन उभ्या राहायच्या आणि "पेटलं का?" म्हणून तिथनं ओरडायच्या. काकांना गिऱ्हाईक, भट्टी आणि इस्त्री सोडून पिंपाजवळ बसता येईना. मग काकी आमच्या घरी आल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, "तुमची सून बोलत न्हाय म्हणं?"

"तोंडात जीभ हाय का न्हाय त्ये आम्हालाबी अजून कळंना," सासूबाई म्हणाल्या.

"मग मला तसलीच पायजे. बोलणाऱ्या बायका ज्योत विसरत्यात."

मी बोलत नसे हे खरंच होतं. किराणा दुकानात सगळी गिऱ्हाइकं गेल्याशिवाय मी पुढं होत नसे. कुणी अनोळखी माणूस दारात आला तर मी आत जाऊन सासूबाईंना खूण करायची. शाळेत मास्तर कविता म्हणायला उभं करायचे, तर मी खांबाला धरून घंटा होईपर्यंत उभीच. पाटीवर लिहायला सांगितलं असतं तर सगळी लिहिली असती. चौथी झाली आणि वडील म्हणाले, पुरे आता. मला बरंच वाटलं होतं.

पण पिंपाशी माझं चांगलं जमलं. त्याच्याशी बोलावं लागत नव्हतं, ऐकावं लागत होतं. ओल्या चादरी आत असल्या की ते थपाथप आपटायचं. अर्ध्यावर आल्या की आवाज हलका व्हायचा, आणि वाळल्या की नुसती सळसळ. आठवड्याभरात मी दाराला हात न लावता सांगू शकत होते की दुपटी झाली, कोट अजून राहिलेत. दार उघडलं की तोंडावर गरम वाफ यायची आणि त्या गठ्ठ्यात हात घालून घडी करायला इतकं बरं वाटायचं की मी उगाच सावकाश करायची.

माझं माहेर मलकापूरचं. तिथं पाऊस कोल्हापूरच्या दुप्पट. आई निखाऱ्यांवर कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं पालथं घालायची आणि त्यावर धाकट्याची लंगोटी-दुपटी पसरायची. वर धुराचा वास, खाली एखाद्या कोपऱ्याला जळलेलं भोक. आमच्या घरातल्या प्रत्येक पोराला तशी भोकाची दुपटी मिळाली. हे पिंप म्हणजे मला मोठं, फिरणारं डालगंच वाटायचं. आईला हे दाखवायला पाहिजे असं मनात यायचं.

पिंपाची कीर्ती झाली. बायका अर्धवट ओल्या गोधड्या घेऊन यायला लागल्या. एकीनं सांडगे सुकतील का म्हणून विचारलं. काकींनी तिला हसून परत पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, काका बाहेर गेलेले बघून, स्वतःच्या सादळलेल्या मिरच्या उशीच्या अभ्र्यात बांधून आणल्या. "गाठ घट्ट हाय," त्या म्हणाल्या. गाठ घट्टच होती, अभ्रा विरलेला होता. पाच मिनिटांत बोळातल्या नळीतून जे काय बाहेर पडलं त्यानं पलीकडच्या आळीपर्यंत शिंका गेल्या. पिंप आम्ही दोघींनी चारदा ओल्या फडक्यानं पुसलं. काका आले, दोनदा शिंकले आणि त्यांनी विचारलं, "सर्दी झाली का काय मला?" काकी म्हणाल्या, "हवाच तशी हाय." मी कोटांच्या घड्या घालत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, थोडं मिरचीचं, थोडं हसण्याचं.

सगळं असं चांगलं चाललेलं असताना तिसऱ्या आठवड्यात ज्योत विझायला लागली.

पेटवायची रीत अशी होती. खिडकीतलं काळं बटण दाबून धरायचं, कागदाची सुरळी पेटवून आत लहान ज्योत लावायची, आणि मनात वीस म्हणेपर्यंत बटण सोडायचं नाही. मग सोडलं की ज्योत आपली आपण जळत राहायची आणि मोठी रांग पेटवता यायची. आता वीसला सोडलं की ज्योत गुप. मी चाळीस म्हणायला लागले. मग साठ. मग शंभर म्हणूनही बटणावरचा अंगठा उचलला की टक् असा बारीक आवाज व्हायचा आणि आत अंधार. बटण दाबून ठेवलं तर लहान ज्योत राहायची, पण मग मोठी पेटायची नाही. माझ्या अंगठ्याला फोड आला.

घरी मी ह्यांना सांगितलं. हे फौंड्रीत कामाला होते. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "बटणाला लाटणं लावून सुतळीनं आवळ की." मग स्वतःच म्हणाले, "नको, गॅस हाय, मिस्त्रीला बोलवा म्हणावं."

मिस्त्री आमच्याच गल्लीतले. स्टोव्ह, गॅसबत्त्या आणि पाण्याचे पंप दुरुस्त करायचं त्यांचं दुकान होतं. वय झालेलं, दाढी पांढरी. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. एखाद्या स्टोव्हचा आवाज ऐकून तो कुणाच्या घरातला हे सांगणारा माणूस. ते आले, पिंपासमोर मांडी घालून बसले आणि आधी पिंपावर ठेवलेल्या उदबत्तीच्या घराकडे बघितलं.

"ही कुणी लावली?"

"मी," काकी म्हणाल्या.

"गॅसपाशी?"

"देवाची हाय की."

"देव आपल्या जागी हाय काकी. उदबत्ती तिकडं गल्ल्याच्या पेटीवर न्या."

उदबत्ती गेली. ज्योत तरी टिकेना. मग चाचांनी एकेक करून सगळं बघितलं. गॅसची टाकी संपत आली असेल म्हणून दुसरी लावली. नळीला साबणाचा फेस लावून कुठं बुडबुडा येतोय का ते बघितलं. साबणाला आमच्याकडे तोटा नव्हता. मागच्या खिडकीतून वारं येतंय म्हणून तिथं गोणपाट ठोकलं. पत्र्याची नळी उतरवली तर आत कपड्यांची पांढरी लव गच्च बसलेली, उशी भरेल एवढी. सगळ्यांना वाटलं हेच कारण. नळी साफ करून बसवली, मी सुरळी लावली, शंभर म्हटलं, अंगठा उचलला. टक्.

गल्लीतून काकींचा आवाज आला, "पेटलं का?"

"पेटलं हुतं," चाचा म्हणाले.

मग त्यांनी मला खिडकीतनं आत बघायला लावलं. लहान ज्योतीच्या तोंडाशी एक बोटाएवढी तांब्याची काडी उभी होती. "ताई, ही काडी बघा. ज्योतीनं ही तापली पायजे. ही तापली की आत निरोप जातो की ज्योत जागी हाय, मग गॅसचं दार उघडं ऱ्हातंय. ही गार पडली की त्याला वाटतंय ज्योत गेली, मग दार लागतंय. म्हणजे नुसता गॅस सुटून कुणी मरू नये म्हणून केलंय. डोकं लावलंय करणाऱ्यानं." मग त्यांनी ती कागदात धरून सोडवली, बघितली आणि परत बसवली. "माझ्या मतानं ही काडीच मेली. आणि ही काय आपल्याकडं मिळायची न्हाय."

काका दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "म्हंजे?"

"म्हंजे बेळगावला कार्ड टाका."

काकांनी त्याच दिवशी कार्ड टाकलं. महिना भरायला आठवडा राहिला होता. यंत्र गेलं की मला तिथं काय काम होतं? भट्टीवर आणि इस्त्रीवर माणसं होती. मी परत घरी, आणि घरी काही वाईट होतं असं नाही, पण गेले तीन आठवडे सकाळी आठला कुणीतरी माझी वाट बघत असायचं, हे मला फार आवडायला लागलं होतं. हे मी कुणाला बोलले नाही. कोणत्या तोंडानं बोलणार?

काकींचं म्हणणं होतं की दृष्ट लागली. सांडगेवालीचीच, त्या म्हणाल्या. आमच्याकडे रोज सकाळी काम सुरू करण्याआधी भट्टीला, इस्त्र्यांना आणि पिंपाला हळदकुंकू लावायची पद्धत होती. पिंपाचं काम माझ्याकडे. आता काकींनी सांगितलं, जरा जास्त लाव, आणि मनापासून लाव. मी जास्त लावलं. ज्योत जास्तच लवकर विझायला लागली. बटण दाबून धरलं तरी पेटताना करपल्याचा वास यायचा. चादरी परत दोऱ्यांवर गेल्या आणि लॉन्ड्रीत कुबट वास पसरला.

बेळगावचं उत्तर आलं की अवसेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी येईल.

ती आषाढातली अवस, दिव्यांची. त्या दिवशी आमच्याकडे घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडतात आणि पूजा करतात. मी सकाळी परसात चिंच, मीठ आणि राख घेऊन बसले. समया झाल्या, निरांजनं झाली. एक जुनी तांब्याची पणती होती, तिच्या तोंडाला वर्षभराचं तेल जळून काळं कीट बसलं होतं. ते इतकं टणक की नखानं निघेना. चिंचेचा गोळा लावून ठेवला, मग करवंटीनं खरवडलं, तेव्हा खाली लालभडक तांबं दिसलं. मी ती पणती हातात धरून बसून राहिले. कारण मला आठवलं की मी पिंपाला कुंकू कुठं लावत होते.

यंत्र बसवायला बेळगावहून जो फिटर आला होता त्यानं जाताना ती काडी दाखवून सांगितलं होतं, "ह्याचा जीव हितं हाय." काकी म्हणाल्या होत्या, "मग कुंकू तितंच लावत जा गं." आणि मी रोज लावत होते. कोरडं कुंकू त्या गुळगुळीत काडीवर टिकेना म्हणून दुसऱ्या दिवसापासून खोबरेल तेलात कालवून लावत होते. रोज एक थर, आणि रोज त्याच्यावर ज्योत. पणतीला वर्ष लागलं, काडीला तीन आठवडे पुरले.

मी हात धुतले, उरलेली चिंच आणि करवंटी फडक्यात बांधली आणि सासूबाईंना म्हणाले, "मी जाऊन येते." नैवेद्य व्हायचा होता. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी आपणहून कुठं जाऊन येते म्हणायची ती पहिलीच वेळ असावी.

लॉन्ड्रीत काका-काकी गठ्ठे बांधत होते. चाचाही तिथंच होते, यंत्र गाडीत चढवायला सोपं जावं म्हणून नळ्या सोडवायला आले होते. मागच्या दोन टाक्यांतली एक त्यांनी आधीच सोडली होती. मला वाटलं होतं काकी एकट्या असतील. एवढ्या माणसांत काय बोलायचं ते मला सुचेना. मी चाचांच्या शेजारी जाऊन बसले, खिडकी उघडली आणि काडीकडे बोट दाखवलं.

"काय ताई?"

मी फडकं सोडून चिंच दाखवली.

"आंबट खायचं वय हाय तुमचं," चाचा म्हणाले, "पण हितं कशाला?"

काकी हसल्या. मला राग आला, आणि रागानं तोंड उघडलं. "त्या काडीला मी कुंकू लावत हुते. तेलातनं. रोज. त्याचं कीट झालंय. म्हणून ती तापत न्हाय."

काकांच्या हातातली सुतळी तशीच राहिली. मला वाटलं आता काका म्हणतील, उद्यापासनं येऊ नकोस. तसंही उद्यापासून यंत्र नव्हतंच, तेव्हा घालवायला माझ्याकडे फार काही उरलं नव्हतं. मी डोळे खाली करून म्हणाले, "मला चिंचेनं घासू द्या. एकदा."

चाचांनी डोकं आत घातलं. बराच वेळ बघितलं. मग पान्यानं काडी सोडवून माझ्या तळहातावर ठेवली. लाल-काळी, बाभळीच्या शेंगेसारखी खडबडीत.

"मी ही चारदा सोडवलीया," ते म्हणाले. "चारीदा कागदात धरून."

"मग पुसली का न्हाईसा?" काकांनी विचारलं.

"कुंकू हुतं की. तुमच्या पूजेचं. मी कसं पुसणार?"

"अवो चाचा," काकी म्हणाल्या, "पुसायचं की. परत लावलं असतं."

"परत लावलं असतं म्हंजे झालंच की मग," काका म्हणाले. त्यांनी काकींकडे बघितलं. काकी म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघताय? सांगितलं मी, लावलं तिनं. दोघींचं अर्धं अर्धं."

मी काडी घासायला बसले. चिंच लावून ठेवायची, करवंटीनं हळू खरवडायचं, परत चिंच. चाचा म्हणत होते, "दमानं, दमानं, आतनं बारीक तार गेलीया." मी तरी दमानंच करत होते. शेवटी राखेचा हात दिला, फडक्यानं पुसली आणि ती त्या पणतीसारखीच लाल निघाली. चाचांनी टाकी परत जोडली, काडी बसवली आणि मला म्हणाले, "लावा." काकींनी चपला शोधायला सुरुवात केली.

मी सुरळी लावली. बटण दाबलं. एक, दोन, तीन. चाचा, काका, सगळे माझ्या अंगठ्याकडे बघत होते. वीसला मी थांबले. मला धीर होईना, मी आणखी दहा म्हटले. मग अंगठा उचलला.

टक् झालं नाही. ज्योत निळी, सरळ उभी होती. चाचांनी चावी फिरवली आणि मोठी रांग फर्रर करून पेटली.

गल्लीतून काकींनी विचारलं, "पेटलं का?"

काका म्हणाले, "या आत. राहिलंय पेटून."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोऱ्यांवरच्या सगळ्या चादरी पिंपातून निघाल्या. मी घरी गेले तेव्हा दिव्यांची पूजा सासूबाईंनी एकटीनंच उरकली होती. त्यांनी मला कणकेचे दोन दिवे तुपाबरोबर दिले आणि "काय झालं?" एवढंच विचारलं. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाई, दम घे मधी."

खरी अडचण दुसऱ्या दिवशी आली. गाडी पाठवू नका असं कळवायला वेळच नव्हता. काका सकाळीच सायकलवर गठ्ठे घेऊन दवाखान्यात गेले होते, काकी मागं अंघोळीला. मी पिंपाजवळ एकटी. आणि दाराशी ट्रक थांबला. व्यापारी स्वतः आला होता, बरोबर दोन हमाल.

"मालक कुठं हाईत, अक्का?"

मी सवयीनं उठून आत जायला निघाले. मग आत कोण आहे हे आठवलं आणि थांबले.

"न्हाईत," मी म्हणाले.

"असूं दे. कार्ड आलंय मला, यंत्र चालंना म्हणून. चढवतो आणि जातो. कबनूरला एक कारखानदार वाट बघायलाय. चला रे."

हमाल पुढं झाले. तेव्हा मला कळलं की त्याला ते परत पाहिजेच होतं. कबनूरला नवं गिऱ्हाईक तयार होतं. मी पिंपाच्या पुढं उभी राहिले. माझा पदर डोक्यावरून घसरला होता आणि तो सारखा करायलाही मी पिंपावरचा हात काढला नाही.

"चालतंय," मी म्हणाले.

"काय?"

"यंत्र चालतंय. कार्ड टाकलं तवा चालत नव्हतं."

"अक्का, मालकानं लिवलंय. मालकासंगट बोलतो मी."

"मालक न्हाईत म्हणून सांगितलं की. आता मला विचारा."

त्याला हसू आलं. "बरं, तुम्हाला विचारतो. दाखवा पेटवून."

मी खाली बसले. सुरळी लावली, बटण दाबलं आणि या वेळी मोठ्यानं मोजलं, त्याला ऐकू जाईल असं. वीसला सोडलं. ज्योत राहिली. मोठी रांग पेटवली. तो वाकून बघत राहिला. दोन मिनिटं झाली, पाच झाली. पिंप फिरत होतं.

"उद्या विझलं तर?" तो म्हणाला. "मग माझी गाडी परत न्हाय येणार हां. महिना भरला."

"उद्या विझलं तर उद्या मी काडी सोडवून घाशीन. मला येतंय."

"तुम्हाला येतंय?"

"येतंय. सोडवून दाखवू का?"

ते मला येत नव्हतं. चाचांनी पान्यानं कसं सोडवलं ते एकदा बघितलं होतं, एवढंच. पण तो "नको, नको" म्हणाला. तेवढ्यात काकी ओले केस पुसत आल्या, ट्रक बघितला, हमाल बघितले आणि मला विचारलं, "काय म्हणत्यात ह्ये?"

"परत न्यायला आलेत. मी न्हाय म्हणून सांगितलं."

"तू सांगितलंस?"

"व्हय."

काकींनी व्यापाऱ्याकडे वळून सांगितलं, "मग झालं की पावणं. तिनं सांगितलंय." आणि चहा टाकायला आत गेल्या.

व्यापारी बाकावर बसला. पावसाची बुरबुर वाढली होती. हमाल मोकळ्या हातानं दारात उभे होते आणि मला त्यांचं वाईट वाटलं, एवढ्या लांबून आलेली माणसं. पण भट्टीवर सकाळच्या चादरींची पाटी भरून ठेवली होती आणि ती मला एकटीला उचलत नव्हती. मी त्यांना म्हणाले, "दादा, तेवढी पाटी हितं आणून द्या." त्यांनी ती आणून पिंपासमोर ठेवली. मी पिंप थांबवून काचेचं दार उघडलं आणि एकेक चादर झटकून आत घालायला लागले.